‘ताठ बस’ म्हटल्यानं पोक जात नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३१, खानापूरजवळच्या गावी राहून पुण्यातल्या कंपनीचं काम घरून, याला चार वर्षं झाली. रोज नऊ-दहा तास लॅपटॉप, तोही बहुतेक वेळ कॉटवर मांडी घालून. पाठीला पोक आलंय, मान पुढे गेलीय, संध्याकाळी मानेपासून उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत ठणकतं. आई दिवसातून दहा वेळा ‘पोक काढून बसू नको’ म्हणून ओरडते. खांदे मागे ओढणारा पट्टा मागवलाय. तो लावू का, आणि किती दिवसांत सरळ होईन?

पट्ट्याकडे शेवटी येतो. आधी तुमचं पोक मऊ आहे की कडक, हे बघायला हवं. बेळगावात बावीस वर्षं फिजिओथेरपी करतोय, तरी नवा माणूस आला की मी पहिल्यांदा हेच बघतो. ते घरीही करता येतं.

भिंतीला टाचा, कुल्ले आणि पाठ टेकवून उभे राहा. नजर समोर, हनुवटी वर न करता डोकं मागे न्या. टेकलं का भिंतीला? नसेल टेकत, तर आईंना सांगा, डोकं आणि भिंत यांच्यामधे त्यांची किती बोटं आडवी बसतात ते मोजा. आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. मग जमिनीवर सतरंजी टाकून पालथे झोपा, तळवे छातीच्या बाजूला ठेवा आणि कंबर ढिली सोडून फक्त छाती उचला. आईंनी बाजूनं बघायचं: पाठीचा उंचवटा सपाट होतोय, की तसाच कमानीसारखा राहतोय? सपाट झाला तर पोक मऊ आहे, सवयीचं आहे. हाडात बदल नाही. चार वर्षांत आलेलं, एकतीस वर्षांच्या माणसाचं पोक बहुतेक याच जातीचं असतं.

तसाच राहिला तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. तेरा-चौदाव्या वर्षापासूनच पाठ गोल असेल, तर वाढीच्या वयात मणके पुढून पाचरीसारखे झालेले असू शकतात. सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास पाठ आखडलेली, आणि पडून राहिल्यावर वाढून हिंडल्याफिरल्यावर बरी वाटणारी, असं महिनोन् महिने चाललं असेल तर तो मणक्यांचा संधिवात असू शकतो, आणि तो तुमच्याच वयात सुरू होतो. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन उतरणं, संध्याकाळचा बारीक ताप असेल तर मणक्याचा टीबी आधी तपासून घ्यायचा. आपल्याकडे तो संपलेला नाही. हाताला मुंग्या येऊन पकड सैल पडत असेल, चालताना पाय अडखळत असतील, लघवीवरचा ताबा जात असेल, तर पुढचं काही वाचू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

यातलं काही नसेल तर पुढे जाऊ.

आता ‘ताठ बस’विषयी. मराठी घरात ‘पोक काढू नको’, शेजारच्या कानडी घरात ‘नेट्टग कुंद्रु’. सल्ला एकच, आणि दोन्हीकडे तो दोन मिनिटांपलीकडे टिकत नाही. मीही तो वर्षानुवर्षं दिला आहे. वडगावची एक बाई होती, घरात दोन यंत्रमाग, आणि ती दिवसभर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. मान-पाठ दुखते म्हणून आली. मी तेव्हा नवा होतो. पाठ बघितली, पोक दिसलं, आरशासमोर बसवून दाखवलं आणि सांगितलं, असं ताठ बसायचं. तीन आठवड्यांनी आली ती खांदे कानापर्यंत चढवूनच. म्हणाली, “तुम्ही सांगितल्यापासून जास्तीच दुखालंय की.”

लाज वाटली म्हणा किंवा कुतूहल म्हणा, घरी बघायला गेलो. कांड्या भरायचा रहाट जमिनीलगत, उजव्या हातानं चाक फिरवायचं, डाव्या हाताच्या बोटांतून सूत सोडायचं. ताठ बसलं तर हात चाकापर्यंत पोचतच नव्हता. बाई ताठही बसत होती आणि हात पुरवायला खांदेही ताणत होती. माझा सल्ला तिच्या अंगावर दुप्पट काम घालून गेला होता. मग रहाटाखाली दोन विटा दिल्या, तिच्या बुडाखाली जेवायचा पाट दिला, आणि टोपली कांड्यांनी भरली की उठून मागापर्यंत स्वतःच न्यायची असं ठरवलं. आधी टोपली तिचा मुलगा नेत असे. ‘ताठ बसा’ हा शब्द मी परत काढला नाही. महिन्याभरात दुखणं उतरलं. पोक थोडं राहिलं, पण ती त्याची तक्रार घेऊन आलीच नव्हती.

त्या दिवसापासून मी पाठ बघण्याआधी विचारतो: काम कुठं आहे, हात कुठं आहेत, डोळे कुठं आहेत? पाठ बिचारी डोळ्यांच्या आणि हातांच्या मागे जाते.

ताठ बसणं म्हणजे पाठीला आराम, ही समजूतही तपासून घ्यायला हवी. १९६०-७०च्या दशकांत स्वीडनचे आल्फ नाखेमसन यांनी मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला आणि बसल्यावर तो उभ्यापेक्षा जास्त असतो असं सांगितलं. कित्येक वर्षं आम्हाला कॉलेजात तेच तक्ते शिकवले. १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत यंत्र बसवून पुन्हा मोजलं. खुर्चीत सैल रेलून बसल्यावर दाब उभ्यापेक्षा बराच कमी निघाला, आणि स्नायू आवळून मुद्दाम ताठ बसल्यावर तो उभ्यापेक्षा किंचित जास्त. पूर्ण पुढे वाकून बसल्यावर मात्र खूपच वाढला. एका माणसावरचं मोजमाप म्हणून त्याला जपूनच धरायचं. तरी रोजच्या अनुभवाशी ते जुळतं: लष्करी ताठपणा म्हणजे विश्रांती नव्हे, आणि मागे रेलणं म्हणजे गुन्हा नव्हे.

मग बिघडतं काय? एकाच आकारात फार वेळ राहणं. पुढे वाकून अर्धा तास बसलात की पाठीमागचे अस्थिबंध हळूहळू ताणतात, जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखे, आणि उठल्यावर लगेच पूर्वपदावर येत नाहीत. छातीचे स्नायू आखूड राहायला शिकतात, फऱ्यांमधले स्नायू लांबट आणि दमलेले राहतात. मानेचं तर विचारूच नका. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. अमेरिकेतले मणक्यांचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणित मांडलं, की मान ६० अंश पुढे झुकली तर मणक्यावर जवळजवळ २७ किलोचा भार येतो. मोबाईलवर फिरणारा तो घाबरवणारा आकडा इथूनच आला. ते संगणकातल्या नमुन्यावरचं गणित आहे. मान मोडते असा त्याचा अर्थ नाही. भाताचा मोठा भारा डोक्यावर घेऊन चालणाऱ्या आपल्या खानापूरच्या बायकांच्या माना मोडत नाहीत. त्या चालत असतात आणि तासाभरात भारा खाली उतरतो. तुमचा भारा सकाळी नऊला चढतो तो सात वाजेपर्यंत उतरत नाही, एवढाच फरक.

म्हणून आधी बैठक. कॉट सोडा. यात तडजोड नाही. गादीत बूड रुततं, ओटीपोट मागे कलतं, वरची सगळी पाठ त्यामागोमाग गोल होते. खुर्ची महागाची नको. घरात प्लॅस्टिकची असेल तर तिची बसायची जागा मागच्या बाजूला खोलगट असते, त्या खोलीत एका जुन्या वाकळेची घडी भरा, म्हणजे खुबे गुडघ्यांपेक्षा बोटभर वर राहतील. पंच्याची गुंडाळी करून पँटच्या पट्ट्याच्या जरा वर, कंबरेच्या खळग्यात ठेवा आणि थोडं मागे रेलून बसा. पाय अधांतरी राहत असतील तर खाली पाट.

लॅपटॉपची खोड अशी की त्याचा पडदा आणि कळा एकमेकांना चिकटलेल्या आहेत. पडदा डोळ्यांजवळ आणला तर हात वर जातात, हात खाली ठेवले तर मान खाली जाते. वेगळा कीबोर्ड आणि माऊस घेतल्याशिवाय हे सुटत नाही, आणि माझ्या मते पट्ट्यापेक्षा ते पैसे नक्की सत्कारणी लागतात. लॅपटॉप जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर चढवा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. कोपर अंगालगत, खांदे पडलेले. उजवाच फरा दुखतो म्हणताय, म्हणजे माऊस लांब ठेवताय असा माझा संशय आहे. तो कीबोर्डला चिकटवून ठेवा आणि आठवडाभर बघा.

जमिनीवर बसायची सवय सोडवत नसेल तरी चालेल. बुडाखाली पाट किंवा जाड उशी, पाठीमागे भिंत आणि लोड, पुढे जुन्या पेढीवर दिवाणजींपुढे असायचं तसं उतरतं डेस्क. ते लोक वेडे नव्हते; वही तिरकी करून ते डोळ्यांजवळ आणत.

दुसरी गोष्ट उठण्याची. दर अर्ध्या तासानं मिनिटभर उठा, असं मी सांगतो आणि कोणी ऐकत नाही. गजर लावला तर तिसऱ्या दिवशी तो बंद करतात. निपाणीच्या विड्या वळणाऱ्या बायकांकडून मी यातला उपाय शिकलो. मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू, मान खाली, आणि मजुरी हजार विड्यांवर. त्यांना घड्याळ बघून उठा म्हणणं म्हणजे पोटावर पाय. पण अमुक इतक्या जुड्या झाल्या की उठून पाणी प्यायचं, हे त्यांना पटलं, कारण मोजणी आधीपासूनच चालू होती. उठणं घड्याळाला न बांधता कामाच्या मोजमापाला बांधा. तुमचं मोजमाप काय? कॉल. प्रत्येक कॉल उभ्यानं किंवा सोप्यात येरझाऱ्या घालत घ्यायचा. दोन लिटरची बाटली टेबलावर ठेवू नका, तांब्या-भांडं ठेवा. तांब्या संपला की स्वयंपाकघरात जावंच लागतं.

आता व्यायाम. मोबाईलवर चाळीस प्रकार बघून चारही न करण्यापेक्षा मी सांगतो ते मोजके करा.

पहिला आळशी माणसाचा. मोठ्या टॉवेलची घट्ट गुंडाळी करून जमिनीवर आडवी ठेवा आणि तिच्यावर अशा बेतानं उताणे झोपा की ती फऱ्यांच्या खालच्या टोकापाशी येईल. कंबरेखाली नव्हे. डोक्याखाली लहान उशी, हात बाजूला पसरून तळवे वर. पाच मिनिटं नुसतं पडायचं, श्वास फासळ्यांच्या बाजूंना भरायचा. पहिले दोन दिवस टोचतं, मग बरं वाटायला लागतं. रात्री जेवणाआधी करा, भरल्या पोटी नको.

दुसरा पालथं झोपून छाती उचलायचा, तो तुम्ही तपासताना केलातच. दहा वेळा, सकाळी आणि दुपारी. याची एक गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. १९५६ मध्ये न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांच्याकडचा एक रोगी चुकून, डोक्याकडची बाजू वर केलेल्या टेबलावर पालथा झोपला आणि पाठ मागे वाकलेल्या स्थितीत काही मिनिटं तसाच राहिला. मॅकेंझी घाबरले, आणि गडी म्हणाला, इतक्या आठवड्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. पुढे त्यातून त्यांनी पूर्ण पद्धत उभी केली. सगळ्यांनाच ती लागू पडते असं नाही. पाय खाली झिणझिणायला लागले तर थांबायचं. पण दिवसभर पुढे वाकणाऱ्याला मागे वाकवणं, हा साधा हिशेब आहे. बेळगावच्या तालमीत ज्यांनी जोर काढलेत त्यांनी आठवून बघा: खाली जाऊन छाती पुढे काढत वर येतो तो शेवटचा भाग म्हणजे जवळजवळ हीच गोष्ट. खांदे आणि मनगटं धड असतील तर दहा-पंधरा जोर काढायला माझी ना नाही. कुस्ती सोडून वीस वर्षं झालेले, पोट सुटलेले पैलवानही माझ्याकडे गुडघे घेऊन येतात, पण पोक घेऊन आलेला मी क्वचितच बघितला.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच लोक गाळतात. ताण देणं सगळ्यांना आवडतं, ताकद कमवायला कोणी तयार नसतं. सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणा, एका ठिकाणी कापून मोकळी करा, मधोमध खिडकीच्या गजाला छातीच्या उंचीवर अडकवा. दोन्ही टोकं हातात, गज मजबूत आहे ना ते बघून दोन पावलं मागे. कोपरं अंगाला घासत मागे ओढा, जणू दोन फऱ्यांमध्ये सुपारी धरायची आहे. खांदे वर जाऊ द्यायचे नाहीत, चूक तिथंच होते. दोनापर्यंत मोजा, सावकाश सोडा. बारा वेळा, मधे मिनिटभर दम, असे तीन डाव, एक दिवसाआड. बारावा सहज जायला लागला की आणखी अर्धं पाऊल मागे.

मानेसाठी हनुवटी सरळ मागे न्यायची, खण उघडलेला आत ढकलतात तशी, दहा वेळा. खुब्याच्या पुढच्या बाजूसाठी एक गुडघा टेकून पुढे झुकायचं, अर्धा मिनिट. बस्स.

आणि चालणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेप्रमाणे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा. पोक यानं थेट जात नाही. पण दहा तास बसणाऱ्याला पाठीपेक्षा हृदयाची काळजी जास्त असावी. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस यांनी दुमजली बसवर काम करणाऱ्यांचा अभ्यास करून १९५३ मध्ये दाखवलं, की बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त आणि जिने चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांना कमी. जून ते सप्टेंबर खानापूर तालुक्यात घराबाहेर पाऊल टाकता येत नाही हे मान्य. मग पडवीत चाला. शेजारी हसतील चार दिवस.

किती दिवस लागतील? बैठक सुधारली की दुखणं दोन-तीन आठवड्यांत कमी व्हायला लागतं. ताकदीला सहा-आठ आठवडे. आकार सगळ्यात सावकाश बदलतो, आणि तो आरशातल्या तुमच्या मनासारखा होईलच असं वचन मी देत नाही. थोडं गोल पाठीचे कितीतरी लोक सत्तरीपर्यंत बिनदुखणं शेती करतात, आणि छडीसारख्या सरळ पाठीचे माझ्याकडे रांगेत बसतात.

एक काम मात्र करू नका. दाढी-कटिंगनंतर मालिश करताना मान फटकन् वळवून कडकड वाजवून देतात, ते नको. मणका बसवून देतो म्हणणाऱ्याकडेही नको. मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या जातात. झटक्यानं त्यांना इजा होणं विरळ आहे, पण झाली तर लकवा.

राहिला पट्टा. तो खांदे ओढतो तोवर ओढतो. काढला की खांदे परत जागेवर, कारण काम पट्ट्यानं केलं, तुमच्या स्नायूंनी नाही. दिवसभर लावणाऱ्यांच्या काखेत वळ उठलेले बघितलेत. परत करता येत असेल तर करा. नसेल येत, तर पहिले पंधरा दिवस रोज वीस मिनिटं, नुसती आठवण म्हणून लावा, आणि मग त्याचा इलॅस्टिक ट्यूबऐवजी गजाला बांधता येतो का बघा. एकाला आला होता.

सहा आठवड्यांनी पुन्हा भिंतीला उभे राहा आणि तीच बोटं मोजा, आईंचीच, तुमची नव्हेत. एक बोट जरी कमी झालं असेल तर तसंच चालू ठेवा. काहीच हललं नसेल, किंवा ठणका हातात उतरायला लागला असेल, तर जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे जा. जाताना लॅपटॉप न्या आणि आईंनाही न्या. तुम्ही कसे बसता ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं सांगता येईल.